मारवाडी की काठेवाडी? कान सोडून काय पाहावे?

शहादेकर
दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत सवारीसाठी घोडी घ्यायचा विचार आहे. व्हिडिओ येत आहेत, पण जो तो कानच दाखवतो. ‘टोके जुळतात ना, मग अस्सल’ एवढेच. एकाच घोडीला एक जण मारवाडी म्हणतो, दुसरा काठेवाडी. उंची ‘साडेचौदा’ सांगितली आहे. रंग पांढरा, म्हणून तिसरा ‘नुकरा जातीची’ म्हणतो. नेमके काय तपासावे?

खोगीर
कानांवरून ती देशी रक्ताची आहे एवढेच कळेल. मारवाडी आणि काठेवाडी, दोन्हींचे कान आत वळतात आणि टोके जुळतात. काठेवाडीचा बाक जास्त तीव्र, कधी टोके एकमेकांवर चढतातही. तेही कान टवकारल्यावरच नीट दिसते. घोडी निवांत असेल तर कान बाजूला पडलेले असतात, म्हणून समोर उभे राहून टिचकी वाजवा आणि मग पाहा.

खरा फरक चेहऱ्यात आहे. घोडीच्या बाजूला उभे राहून कपाळापासून नाकपुडीपर्यंतची रेषा बघा. काठेवाडीचे कपाळ रुंद, डोळे मोठे, चेहरा आखूड आणि नाकाची रेषा मध्ये किंचित खोलगट असते. मारवाडीचा चेहरा लांब, रेषा सरळ किंवा थोडी फुगीर. मारवाडीची मान लांब आणि उंच धरलेली, पायही लांब. काठेवाडी एकूण बांध्याने आटोपशीर.

आणखी एक घोटाळा: कच्छी-सिंधी जातीचा घोडा. त्याचेही कान वळलेले असतात, पण टोके एकमेकांना टेकत नाहीत. नाक फुगीर, पाठ आखूड आणि खुराच्या वरचा तिरका भागही आखूड. अशी घोडी ‘कान कमी वळलेली मारवाडी’ म्हणून गळ्यात मारली जाते. जनावर वाईट नसते, पण नाव चुकीचे असते.

तापीकाठ
‘साडेचौदा’ म्हणजे किती, हे आधी विचारून घ्या. एक हात म्हणजे 4 इंच, त्यामुळे टिंबानंतरचा आकडा दशांश नसतो, इंच असतो. 14.2 म्हणजे 14 हात 2 इंच, एकूण 58 इंच, सुमारे 147 सेंमी. साडेचौदा हात म्हणजे हेच. 14.5 असा आकडा मुळात होतच नाही, 14.3 नंतर थेट 15.

मोजताना टेप शरीराला चिकटवून खुरापासून वर नेली की पोटा-खांद्याच्या गोलाईमुळे उंची फुकट वाढते. आडवी दांडी असलेली उभी मोजपट्टी वापरा. आयाळ संपते तिथल्या, दोन खांद्यांमधल्या उंचवट्यावर ती दांडी टेकवा. यात्रेतली जमीन भुसभुशीत असते, म्हणून चारही पाय फळीवर किंवा सिमेंटवर घ्या.

उंची 16 हातांकडे गेली, कातडी पातळ आणि कान जेमतेम वळलेले दिसले, तर थरोब्रेडच्या, म्हणजे शर्यतीच्या घोड्याच्या, संकराची शंका घ्या. सवारीला ती चालेल, पण शुद्ध म्हणून जादा पैसे देऊ नका.

शहादेकर
आभार. रंगाचे काय? आणि पाय कसे पाहू?

खोगीर
नुकरा ही जात नव्हे, रंग आहे. ओठ आणि डोळ्यांभोवतीची कातडी पाहा. गुलाबी असेल तर नुकरा. काळी असेल तर ती सबजी, म्हणजे जन्मताना गडद आणि वयाबरोबर पांढरी झालेली. गुलाबी कातडीला आपल्याकडचे ऊन भाजते, सावलीची सोय लागेल. काठेवाडीत अगदी काळा सोडून बहुतेक रंग दिसतात. पाठीवर काळी रेघ आणि पायांवर पट्टे असलेली मातकट घोडी बरेच जण लगेच काठेवाडी ठरवतात, पण तसे पट्टे इतर जातींतही येतात.

पाय मागून पाहा. ओळंबा पुठ्ठ्याच्या टोकावरून सोडला तर तो मागच्या पायाच्या मधल्या सांध्यावरून खुराच्या मध्यावर यावा. सांधे आत जवळ आणि खूर बाहेर फाकलेले असतील तर लांबच्या सवारीत सांध्यावर ताण येतो. खुराच्या वरचा तिरका भाग आणि खुराची पुढची बाजू एका रेषेत हवी. तिथे रेषा मोडली असेल तर नालबंदाला विचारा, कारण कधी दोष फक्त वाढलेल्या खुराचा असतो.

वयही बघून घ्या: पुढचे मधले कायमचे दात अडीच वर्षांनी येतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. कडेचे दुधाचेच असतील तर घोडी अजून वाढतेय, सांगितलेली उंची पक्की नाही.

भीमथडी
‘रेवाल चाल’ म्हणून दाखवतील तेव्हा टापा मोजा. खरी रेवाल चार ठोक्यांची असते आणि स्वार खोगिरावर उसळत नाही. दोन ठोके ऐकू आले तर ती नुसती दुडकी.

आणि उंचीचा हट्ट नसेल तर आमच्या भीमेकाठच्या भीमथडीकडेही बघा. धनगरांच्या तळावर ओझी वाहणारे हे जनावर ठेंगणे, पण काटक आहे. कान सरळ असतात म्हणून बाजारात त्याला ‘तट्टू’ म्हणून कमी भाव लावतात. मराठा घोडदळ याच रक्तावर चालले होते.