केगावला एम.एस्सी. करताना काम: कॅम्पसवर की शहरातल्या दुकानात?

ज्वारीचं_कणीस

नमस्कार. मी मंगळवेढ्याची. पंढरपुरात बी.एस्सी. केलं, आता सोलापूर विद्यापीठात, केगावच्या कॅम्पसला, रसायनशास्त्राला एम.एस्सी.ला आलेय. हॉस्टेल मिळालंय. घरी चार एकर कोरडवाहू रान, त्यात मालदांडी ज्वारी आणि थोडा हरभरा. धाकटा भाऊ यंदा बारावीला. वडील म्हणतात, पैशाचं मी बघतो, तू अभ्यास कर. पण मेसचा आणि वह्या-झेरॉक्सचा खर्च तरी माझा मी उचलावा असं फार वाटतं.

कॅम्पसवरच काम देणाऱ्या 'कमवा व शिका' योजनेबद्दल ऐकलंय. दुसरीकडे शहरात नवी पेठेत एका दुकानात संध्याकाळी बिलिंगला बसायचं काम चालून आलंय. पगार बरा सांगतात, पण सुटायला रात्रीचे नऊ. दुपारी प्रॅक्टिकल असतात. काय धरू? कॅम्पसवर नेमकं काय काम देतात? कोणी केलं असेल तर सांगा.

कपाट_नंबर_सात

तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. सोलापुरातच एका कॉलेजात शिकले आणि पदवीची सगळी वर्षं तिथल्या ग्रंथालयात 'कमवा व शिका'वर काम केलं. आज एका शाळेत ग्रंथपाल आहे.

दुकानाला नाही सांग. पगाराचा आकडा ऐकून भुलू नकोस, हातात काय उरतं ते बघ. केगाव गावाबाहेर, पुणे रोडला. नऊला दुकानाचं शटर खाली आल्यावर तू नवी पेठेतून एसटी स्टँडला येणार, तिथून बस मिळाली तर बस, नाहीतर रिक्षा. हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं ते आधी विचार. मेसचं जेवण तोवर संपलेलं, म्हणजे बाहेर खाणं आलं. आणि प्रॅक्टिकल लांबलं की मालकाला रोज कारणं सांगायची. टायट्रेशन चालू असताना घड्याळाकडे बघत बसलीस तर रीडिंगही चुकणार आणि एम.एस्सी.ही हातची जाणार.

कॅम्पसवर तासाचा दर कमी असतो, हे खरं. पण दोन तासिकांच्या मध्ये जो वेळ झाडाखाली जातो, तोच वेळ कामाचा होतो. जायला-यायला खर्च नाही. परीक्षा आली की सांगून तास कमी करता येतात. कुठल्या दुकानदाराकडे ही मुभा मिळेल?

काम काय, तर ऑफिसात फायली लावणं, नोंदी करणं, बाग, प्रयोगशाळा, ग्रंथालय. तू ग्रंथालय मागून घे. मी काय करायचे ते सांगते. सकाळी परत आलेल्या पुस्तकांचा ढीग टेबलावर असायचा. आधी कण्यावरच्या चिठ्ठीचा आकडा बघून गठ्ठे करायचे. पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या ड्युई पद्धतीत रसायनशास्त्र 540 पासून सुरू होतं: भौतिक रसायन 541, असेंद्रिय 546, सेंद्रिय 547. आपलं मराठी साहित्य 891.46. मग ट्रॉली घेऊन एकेक पुस्तक त्याच्या घरात. 547 चं पुस्तक चुकून 574 मध्ये गेलं, तर रजिस्टरला ते आहे आणि वाचणाऱ्याला मात्र नाही. वर्ष-वर्ष सापडत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा एक रॅक घेऊन डावीकडून उजवीकडे नुसते आकडे वाचत जायचे. कंटाळवाणं वाटेल, पण माझी त्या कामानं फार सोय केली. पाठ्यपुस्तकाची जुनी आवृत्ती कुठे पडलीय, संदर्भ विभागातलं कुठलं पुस्तक कोणी उघडतही नाही, हे मला पाठ होतं. परीक्षेच्या आधी सगळे एका पुस्तकासाठी रांगेत असायचे, तेव्हा मी त्याच विषयाचं दुसरं चांगलं पुस्तक वाचून मोकळी झालेली असायची.

प्रयोगशाळेचं काम तुला विषयामुळे जवळचं वाटेल. पण तू दुपारभर त्याच वाफांत उभी असणार, वर काचसामान धुवायला पुन्हा तिथेच कशाला? घेतलंस तर हातमोजे मागून घे, आणि तीव्र आम्लाच्या बाटल्या एकटीनं हाताळू नकोस, कोणी कितीही घाई केली तरी.

एक गोष्ट आत्ताच मनाशी धर. हे पैसे वेळेवर येतातच असं नाही. आमच्या कॉलेजात दोन-तीन महिन्यांचं बिल एकदम निघायचं. पहिल्या सत्राच्या मेसचे पैसे घरून घे, त्यात कमीपणा नाही. कामाचे तास त्याच दिवशी लिहून सही घे. महिनाअखेरीला आठवून लिहायला गेलं की तास गळतात.

पूर्वभागवाला

ताई, दुकान सोडा हे बरोबर हाय. पण कमवा-शिकावर सगळं भागत नाही, हेबी आधीच सांगतो. मी सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. आमच्याकडं घरात तेलुगू, शाळेत मराठी नाहीतर इंग्लिश. पोरं हुशार, पण विज्ञान समजावून सांगणारं माणूस घरात नसतं. वडील लूमवर, आई विड्या वळते, तरी दहावीच्या पोराला ट्यूशन लावायचीच म्हणून लई हुडकतात. तुम्ही एम.एस्सी. करालाय म्हटल्यावर लगेच विश्वास ठेवतील. एका घरात चार-पाच पोरं गोळा करा, रविवारी सकाळी दोन तास. दिवसाउजेडी येऊन दिवसाउजेडी परत.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर स्टॉलवाले पोरं घेतात कामाला. पैसे रोख मिळतात, पण रात्री उशिरापर्यंत उभं राहावं लागतं. तुम्हाला ते सांगणार नाही.

ज्वारीचं_कणीस

दोघांचेही आभार. एक विचारायचं होतं, हसू नका. ग्रंथालय नाही मिळालं आणि बागेचं किंवा झाडलोटीचं काम आलं तर? शेतात खुरपणं मला नवीन नाही. पण इथे वर्गातली मुलं-मुली बघतील. अजून धड ओळखीही नाहीत कोणाशी.

कपाट_नंबर_सात

हसेन कशाला? तुला वाटतंय ते अगदी खरं आहे, पहिल्या दिवशी मान वर होत नाही.

पंढरपुरात शिकलीस म्हणजे कर्मवीरांच्या नावाचं कॉलेज रोज बघितलं असशील. भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. पुढे वसतिगृहातल्या पोरांच्या पोटाला कमी पडू लागलं, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तिथली मुलं राबत आणि शिकत. 1947 साली साताऱ्याला शिवाजी कॉलेज निघालं, तेही याच वाटेनं. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' असं संस्थेनं उघड लिहून ठेवलं. आज तू ज्या योजनेचा अर्ज भरणार आहेस ती त्यातूनच आलीय. ही कोणी केलेली दया नाही, तुझ्या कष्टाचा मोबदला आहे. कोणी विचारलंच, तर सरळ सांग की काम करते. लपवलंस तर मात्र रोज लपवत बसावं लागेल.

मी ग्रंथालयात होते तेव्हा बागेत पाणी घालणारी एक मुलगी होती. तिची खरी अडचण लाजेची नव्हतीच, उन्हाची होती. मार्च लागला की सोलापुरात दुपारी बाहेर उभं राहवत नाही. बाग मिळाली तर सकाळचीच वेळ माग, ते महत्त्वाचं.

टेबल_खिडकी

मी एका महाविद्यालयात कार्यालयात आहे, हे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. तुमच्या विभागप्रमुखांना भेटा आणि विद्यार्थी विकास विभागात चौकशी करा. जागा मोजक्या असतात, त्यामुळे सूचना लागायची वाट बघत बसू नका. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागेल. त्याची तारीख बघा, 31 मार्चला मुदत संपलेला दाखला घेऊन निम्मे विद्यार्थी खिडकीवर येतात आणि परत जातात. दाखला मंगळवेढ्याहून निघणार, म्हणून वडिलांना आजच कळवा. बँक खातं तुमच्याच नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं.

आणखी एक. एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, किंवा फील्ड प्रोजेक्ट असतं. तुमच्याच रस्त्याला पुढे चिंचोळी एमआयडीसीत रसायनांच्या आणि औषधांच्या कंपन्या आहेत, त्यांची आत्तापासून माहिती काढा. ग्रंथालयातले तास त्यात धरतील असं समजू नका. त्या महिन्यांत कामाचे तास कमी करून मिळतील का, हे अर्ज देतानाच विचारा.

ज्वारीचं_कणीस

दुकानात नाही म्हणून कळवलं. दाखल्यासाठी वडील सोमवारी तहसीलला जाणार आहेत. मी उद्या तासिका संपली की विभागप्रमुख मॅडमना भेटते, ग्रंथालय आणि सकाळची वेळ दोन्ही मागते. पूर्वभागवाले दादा, दहावीचं विज्ञान मी मराठीतून शिकवू शकेन, इंग्लिश माध्यमाची मुलं असली तर चालेल का?

पूर्वभागवाला

चालतंय की. पुस्तक इंग्लिश, समजावणं मराठीत, आमच्या पोरांना तसंच लागतंय. फक्त दिवाळीच्या आधी सुरू करा, नंतर लोक दुसरीकडं लावून मोकळे होतात.