अडतो तो हात नव्हे, तारबदल
गिटारवर वेग कसा वाढवायचा या प्रश्नावर दोघातिघांनी लिहिलंय की मेट्रोनोम (ठराविक वेगाने ठोके देणारं यंत्र) रोज थोडा थोडा वाढवा, वेग आपोआप येईल. निम्मं पटतं. पण एका टप्प्यावर आकडा अडतो आणि मग माणूस जोर लावायला लागतो: खांदा वर, अंगठा पिकवर (तार छेडायच्या पत्तीवर) घट्ट. अडलेलं असतं बऱ्याचदा भलतंच. प्रत्येक तारेवर तीन स्वर अल्टरनेट पिकिंगने, म्हणजे आळीपाळीने खाली-वर स्ट्रोक मारत, वाजवले की पहिली तार खाली-वर-खाली, पुढची वर-खाली-वर. पिक तिरकी चालत असेल तर एकाच दिशेच्या स्ट्रोकनंतर ती तारांबाहेर निघते, दुसऱ्या दिशेला दोन तारांच्या मध्ये अडकते. हळू वाजवताना मनगट हे गुपचूप सांभाळून घेतं, त्यामुळे पत्ताच लागत नाही.

तपासायला सोपं आहे. मिनिटाला १२० ठोके आणि दर ठोक्याला चार स्वर, म्हणजे सेकंदाला आठ स्वर. एकाच तारेवर असे चार झटपट वाजवा, पाचवा लांबवा आणि तेवढ्यात पकड सैल आहे का बघा. मग तारेमागे दोन-दोन स्वर घ्या, म्हणजे प्रत्येक तार एकाच दिशेने सुरू होते. एकदा डाऊन-स्ट्रोकने (खाली), एकदा अप-स्ट्रोकने (वर) सुरू करा. यातलं एक बहुधा लोण्यासारखं जातं; तुमची पिक कुठल्या बाजूने सुटते ते तिथेच कळतं.