हाऊसफुल्ल कार्यक्रमाचं तिकीट अनोळखी माणसाकडून: यूपीआयने पैसे देण्याआधी काय तपासायचं?

तिसरी_घंटा
कॉन्सर्टची तिकिटं अधिकृत अ‍ॅपवर संपली आहेत. टेलिग्रामवर एकजण दोन तिकिटं मूळ किमतीला, प्रत्येकी ₹६,५०० ला देतोय. तिकिटाचा स्क्रीनशॉट, बुकिंगचा मेल आणि स्वतःच्या आधारचा फोटो त्याने पाठवलाय. टोकन म्हणून अर्धे पैसे आत्ता मागतोय, ‘अजून तिघं लाइनीत आहेत’ म्हणतो. खरं-खोटं कसं ओळखायचं? आणि पैसे गेलेच तर परत मिळतात का?

गेट_नंबर_तीन
त्या तिन्ही गोष्टींनी काहीच सिद्ध होत नाही. मेलमधलं नाव नि रक्कम फोनवरच बदलता येते. आधारचा फोटो आधी फसलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाचाही असू शकतो, त्यामुळे ‘व्हेरिफिकेशन’ म्हणून तुमचं आधार मागितलं तर मुळीच देऊ नका.

तिकीट अस्सल असलं तरी धोका टळत नाही. क्यूआर एकच असतो आणि त्याचा स्क्रीनशॉट पाच जणांना विकता येतो. गेटवर ज्याचा आधी स्कॅन होतो तो आत जातो, बाकीच्यांच्या वेळी स्कॅनर ‘आधीच वापरलेलं’ दाखवतो. म्हणूनच बऱ्याच मोठ्या कार्यक्रमांचा क्यूआर तारीख जवळ आल्यावर अ‍ॅपमध्येच उघडतो. तुमच्या कार्यक्रमाचा कधी उघडणार ते अधिकृत पानावर बघा. त्याआधीच कोणी क्यूआर दाखवत असेल तर तो बनावट.

अ‍ॅपमध्ये तिकीट ट्रान्सफर करायची सोय आहे का, हे सर्वात आधी बघा. असेल तर तिकीट तुमच्या नंबरच्या खात्यात दिसल्यावरच पैसे द्या. सोय नसेल तर दोन्ही तिकिटं विकून स्वतः न येणाऱ्याकडून घेऊच नका. ज्याच्या ग्रुपमधला एखादा गळलाय, त्याच्यासोबत रांगेत उभं राहून, स्कॅन झाल्यावर पैसे द्यायचे, एवढीच वाट उरते. मूळ बुकिंग करणाऱ्याचं ओळखपत्र गेटवर लागतं का, तेही नियमांत वाचून घ्या.

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. त्यांच्या तिकीटविक्रीच्या वेळी, व्हियागोगो, गिग्जबर्गसारख्या तिकिटं परत विकणाऱ्या साइटींशी आपला संबंध नाही, असं अधिकृत विक्रेत्या बुकमायशोने जाहीर केलं होतं. एवढ्या मोठ्या साइटींवरच्या तिकिटांची ही गत, तर टेलिग्रामचं काय!

पिन_आणि_पासबुक
पैशांच्या बाजूचं सांगतो. यूपीआय अ‍ॅपमध्ये नंबर टाकल्यावर पिनच्या आधी जे नाव येतं ते नीट वाचा. जून २०२५ अखेरपासून अ‍ॅपना बँकेच्या नोंदीतलंच नाव दाखवावं लागतं. बुकिंगवरचं नाव वेगळं निघालं आणि ‘बहिणीचं खातं आहे’ असं उत्तर आलं, तर तिथेच थांबा. ₹१ पाठवून बघण्याने खातं चालू आहे एवढंच कळतं, माणूस खरा आहे हे नाही.

मोठा घाव बहुतेकदा दुसऱ्या फेरीत बसतो. ‘पेमेंट अडकलंय, रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. ‘तिकीट अ‍ॅप’ म्हणून आलेली एपीके फाइल (फोनमध्ये थेट अ‍ॅप बसवणारी फाइल) उघडू नका, स्क्रीन शेअर करू नका.

तिसरी_घंटा
आत्ता म्हणतोय, पूर्ण रक्कम लगेच दिलीत तर ₹५०० कमी.

गेट_नंबर_तीन
तिघं लाइनीत असताना भाव कोण उतरवतं? सोडून द्या.

१९३०_आधी
पैसे परत मिळण्याबद्दल. अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर बोजा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम अनेकांना इथेही लागू होईल असं वाटतं. पण इथे पिन तुम्ही स्वतः टाकलेला असतो, त्यामुळे बँक तो व्यवहार अधिकृत धरते.

म्हणून वेळ महत्त्वाची. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. रक्कम, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि १२ अंकी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) हाताशी ठेवा; तो अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. तिथून निरोप बँकांकडे जातो आणि समोरच्या खात्यात जे शिल्लक असेल ते रोखलं जातं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून एटीएममधून बाहेर पडले की रोखायला काही उरत नाही. रोखलेली रक्कमही लगेच हातात येत नाही.

मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार पूर्ण करून पोच क्रमांक घ्या, स्वतःच्या बँकेला लेखी कळवा. फोन लावण्याआधी अर्धा मिनिट काढून चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात त्याचं युजरनेम दिसलं पाहिजे. टेलिग्रामवर समोरचा माणूस तुमच्याकडचेही मेसेज पुसू शकतो.