एनकर्सेस फॉर्म: सभासद क्रमांक चुकला तर कर्सर तिथेच कसा थांबवायचा?

दूधकाटा
गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी सी भाषा आणि एनकर्सेस (टर्मिनलवर फॉर्म दाखवणारी लायब्ररी) वापरून फॉर्म लिहितोय. जुना डेबियन संगणक, माऊस नाही. सकाळी रांग लागली की नोंद करणाऱ्याचा हात फक्त आकडे आणि टॅबवर चालतो. सभासद क्रमांक टाकून टॅब दाबला की शेजारी नाव येतं, ते सेट_फील्ड_टर्मला कॉलबॅक (फील्ड सोडताना लायब्ररी आपणहून बोलावते ते फंक्शन) देऊन जमलं. पण क्रमांक यादीत नसेल तर कर्सर पुढे जाता कामा नये. त्यासाठी त्याच कॉलबॅकमधून फॉर्म_ड्रायव्हरला (फॉर्मला हुकूम देणारं फंक्शन) रेक_प्रीव्ह_फील्ड, म्हणजे 'मागच्या फील्डवर जा', पाठवतो, तरी कर्सर पुढे जातोच. एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर चढलं तर दहा दिवसांच्या बिलाला भांडणं होतात, म्हणून हे पक्कं हवंय.

हिरवा_पडदा
फॉर्म_ड्रायव्हर काय परत देतो ते तपासा. ई_बॅड_स्टेट मिळेल. हुक, म्हणजे तुमचा कॉलबॅक, चालू असताना लायब्ररी फॉर्म हलवू देत नाही, आणि ते योग्यच आहे. शिवाय हुकचा परतावा व्हॉइड, म्हणजे त्याला 'नाही' म्हणायची सोयच नाही.

नकार द्यायचं काम न्यू_फील्डटाइपचं. त्याला तपासणीचं फंक्शन द्या, ते खरं किंवा खोटं परत करतं. मग तो प्रकार सेट_फील्ड_टाइपने क्रमांकाच्या फील्डला लावा. टॅब दाबला की आधी ही तपासणी, मग फील्ड_टर्म (तुमचं हुक), मग कर्सर हलतो, मग फील्ड_इनिट (नव्या फील्डवर आल्यावरचं हुक). तपासणीत खोटं आलं तर फॉर्म_ड्रायव्हर ई_इनव्हॅलिड_फील्ड देतो आणि कर्सर जागचा हलत नाही. नाव भरायचं तुमचं हुक आहे तसंच राहू द्या.

एक मात्र नक्की करा: क्रमांकाच्या फील्डचे ओ_नलओके आणि ओ_पासओके हे पर्याय बंद करा. दोन्ही मुळात चालू असतात. पहिल्यामुळे रिकामं फील्ड तपासणीतून सुटतं, दुसऱ्यामुळे हात न लावलेलं.

तीन_ओळी
सभासदांची यादी ग्लोबल ठेवली असेल तर त्याऐवजी सेट_फील्ड_यूजरपीटीआरने तिचा पॉइंटर फील्डला जोडा. तपासणीच्या फंक्शनला फील्ड मिळतंच, त्यातून यादीचा पॉइंटर काढता येतो. आणि फील्ड_बफरमधला मजकूर फील्डच्या रुंदीइतका मोकळ्या जागांनी भरलेला असतो. एसटीआरसीएमपीने तुलना करण्याआधी ही शेपूट छाटा, नाहीतर बरोबर क्रमांकही सापडणार नाही.

दूधकाटा
जमलं! चुकीच्या क्रमांकावर कर्सर थांबतो. खाली 'सभासद नाही' असं छापतो, मग पॉस_फॉर्म_कर्सर बोलावून कर्सर परत फील्डमध्ये आणतो. आता एसएनएफच्या (दुधातले स्निग्धांश सोडून बाकीचे घन पदार्थ) फील्डमधून बाहेर पडताना, फील्ड_टर्ममध्येच, दरपत्रक बघून रक्कम काढावी आणि नोंद फाइलमध्ये लिहावी म्हणतो. चालेल ना?

हिरवा_पडदा
रक्कम काढा, खुशाल. फील्ड_टर्ममध्ये करंट_फील्ड अजून जुनंच फील्ड देतं, त्यामुळे एसएनएफ ओळखता येईल. फाइलमध्ये लिहिणं मात्र तिथे अजिबात नको. अनपोस्ट_फॉर्म करतानाही, म्हणजे फॉर्म पडद्यावरून काढतानाही, फील्ड_टर्म चालतं, तेही तपासणीशिवाय. माणसाने एसएनएफवर असताना नोंद रद्द केली तरी ती फाइलमध्ये जाईल. एफ२ ला जतन ठेवा: आधी रेक_व्हॅलिडेशन पाठवा, म्हणजे चालू फील्ड तपासलं जातं आणि टाइप केलेलं बफरमध्ये उतरतं. ई_ओके आलं, तर रक्कम पुन्हा काढून मगच लिहा.