शब्दचर्चा : भूकंपाची 'तीव्रता', तळाची 'सरक' आणि त्सुनामीतला 'त्सु'

शहापूर, बेळगाव : विज्ञान प्रदर्शनासाठी समुद्राखालच्या भूकंपांवर मराठी तक्ता करायचाय. तीन ठिकाणी अडलंय. '९.१ तीव्रतेचा भूकंप' बरोबर आहे का? 'त्सुनामी' लिहायचं की इथल्या कन्नड पेपरात असतं तसं 'सुनामी'? आणि 'स्लिप'ला, म्हणजे भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून किती घसरल्या त्याला, मराठीत काय म्हणायचं?

खानापूर : पहिल्यांदा 'तीव्रता' खोडा. तीव्रता म्हणजे एखाद्या गावात हादरा किती बसला ते, म्हणजे ती गावागणिक बदलते. १९६७ साली कोयनानगरात घरं पडली; तिथून लांब जावं तसा तोच भूकंप नुसती भांडी वाजवतो. भूकंप एक, तीव्रता अनेक. ९.१ हा आकडा मात्र अख्ख्या भूकंपाला एकच, त्याला 'परिमाण' म्हणा. परिमाण एकाने वाढलं की ऊर्जा सुमारे ३२ पट. कोयनेचं ६.३ धरलं तर २००४च्या ९.१च्या सुमात्रा-अंदमान भूकंपाची ऊर्जा साधारण १६ हजार पट होते. 'दीडपट मोठा' असं कुणी लिहिलं तर बघा की काय घोटाळा होतो ते.

निपाणी : आणि 'रिश्टर' पण काढा. त्या मोजपट्टीचा दम मोठ्या भूकंपात संपतो, कारण ती जलद लाटा मोजते. २००४चा भूकंप १,३०० किमी लांबीवर आठ-दहा मिनिटं फाटत गेला. त्याचा मोठा भाग संथ लाटांत होता. म्हणून पहिला अंदाज ८.० आला, तासाभरात ८.५ आणि नंतर ९च्या वर. जपानात २०११ला तेच : तीन मिनिटांत ७.९ जाहीर केलं, अखेर ९.० ठरलं. त्सुनामीचा पहिला इशारा त्यामुळेच कमी उंचीचा गेला. आता मोठ्यांसाठी मोमेंट मॅग्निट्यूड वापरतात : खडकाचा ताठपणा गुणिले फाटलेलं क्षेत्रफळ गुणिले स्लिप, आणि त्या गुणाकारावरून सूत्रानं (लॉगॅरिदम घेऊन) आकडा. १,३०० किमी लांब, १५० किमी रुंद, सरासरी १० मीटर स्लिप घालून बघा, ९.१च्या आसपासच येतं.

वडगाव, बेळगाव : उच्चाराचं सांगतो. जपानीत 'त्सु' म्हणजे बंदर, 'नामी' म्हणजे लाट. गंमत अशी, की हा 'त्स' आपल्या तोंडात आहेच. 'चूल', 'चमचा' यातला च म्हणा, झालं. कन्नडमध्ये तो च नाही, म्हणून तिकडे 'सुनामी' सोयीचं. मराठीत 'त्सुनामी'च ठेवा. 'भरतीची लाट' मात्र नको. भरती चंद्र-सूर्यामुळे येते; कारवारपासून वर कोकणापर्यंत मच्छीमारांकडे तिच्यासाठी 'उधाण' (मोठी भरती) आणि 'भांग' (लहान भरती) असे नेमके शब्द आहेत. ते त्सुनामीला चिकटवले तर दोन्हीकडून वाट्टोळं.

खानापूर : स्लिपला माझं मत 'सरक'. पावसाळ्यात फुगलेलं दार डोळ्यापुढं आणा : ओढताय, ओढताय, हलत नाही, आणि एकदम हिसक्यानं उघडतं. खालचा भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर आत जात असतो, वरचा त्याला अडकलेला. ती 'अडक'. हिसका बसला की 'सरक'. २०११ला जपानजवळच्या समुद्रतळावरच्या खोल खंदकापाशी ती ५० मीटरच्या आसपास होती.

निपाणी : सरक आणि तळाचं विस्थापन यांची गल्लत करू नका. २०११ला जपानच्या मियागीजवळ समुद्रतळावरची एक खूण आडवी २४ मीटर, उभी ३ मीटर हलली. हे थेट मोजलेलं आहे. ५० मीटर हा गणितातून काढलेला आकडा. जीपीएस पाण्याखाली चालत नाही. म्हणून तळावर तीन-चार ट्रान्सपाँडर (ध्वनी आला की उलट उत्तर देणारी यंत्रं) ठेवतात, जहाजाची जागा जीपीएसनं घेतात आणि ध्वनी खाली जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजतात. ३,००० मीटर खोलीला सुमारे ४ सेकंद. पाण्यातला ध्वनीवेग १,५०० मीटर प्रतिसेकंद धरला आणि तो खरा १,५०१ निघाला, की अंतरात २ मीटरची चूक! म्हणून प्रत्येक फेरीत पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजतात, आणि जहाज ट्रान्सपाँडरांच्या मधोमध ठेवतात. म्हणजे समोरासमोरच्या चुका बऱ्याच कटतात.

शहापूर, बेळगाव : मग 'लाटेची उंची'? एका ठिकाणी ६० सेंमी वाचलं, दुसरीकडे ३८ मीटर.

वडगाव, बेळगाव : दोन्ही खरं, शब्द वेगळे हवेत. २००४ला भूकंपानंतर दोन तासांनी उपग्रहानं खोल हिंदी महासागरात ६० सेंमीच्या आसपास उंची टिपली. खोल पाण्यात जहाजाला कळत पण नाही, कारण लाटेची शिखरं एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असतात. वेग खोलीवर : ४,००० मीटरला ताशी ७०० किमीच्या वर, १० मीटरला ताशी ३६. पुढचं पाणी मंदावतं, मागचं येऊन चढतं. ३८ मीटर हा जपानच्या सानरिकू किनाऱ्यावरच्या १८९६च्या त्सुनामीचा आकडा, म्हणजे समुद्रसपाटीपासून पाणी जमिनीवर कुठवर चढलं ते. त्याला 'चढाव' म्हणा. त्या वेळी हादरा सौम्यच होता, म्हणून लोक घराबाहेर पडले नाहीत.

खानापूर : आता त्सुनामी ओळखायला समुद्रतळावर ठेवतात तो दाबमापक; त्याला 'लाटमापक' लिहू नका. तो वरच्या पाण्याचं वजन मोजतो. अपेक्षित भरतीपेक्षा ३ सेंमी फरक पडला की तो आपोआप भराभर नोंदी पाठवू लागतो. वाऱ्याच्या लाटा तिथवर पोचत नाहीत, पण भूकंपाचा स्वतःचा हादरा पोचतो; म्हणून पहिल्या मिनिटांचा आलेख बघून फसायला होतं. आणि बऱ्याचदा बिघडतो तो तळाचा मापक नव्हे, त्याच्या नोंदी पुढे पाठवणारा वरचा तरंगता बोया. मच्छीमार आपल्या होड्या त्याला बांधतात.

शहापूर, बेळगाव : 'बोया' तसाच ठेवतो मग.

वडगाव, बेळगाव : ठेवा की. 'तरंड' लिहिलंत तर परीक्षक पण विचारतील काय ते.