सात पडला की मेला, हे अर्धंच खरं

वर एकानं लिहिलंय, क्रॅप्समध्ये, म्हणजे कसिनोतल्या दोन फाशांच्या जुगारात, सात पडला की मेलाच. तसं नाही हो. पहिल्या फेकीला सात किंवा अकरा आला तर पास लाइनवाला, म्हणजे फेकणाऱ्याच्या बाजूनं पैसे लावणारा, जिंकतो. दोन, तीन, बाराला हरतो. दुसरा कुठलाही आकडा पडला की तो पॉइंट, आणि मग सातच्या आधी तोच परत यावा लागतो. दोन फाशांच्या ३६ जोड्यांतल्या ६ सातच्या, चारच्या फक्त ३. आता काढा हिशोब.

मला हे कळलं ते गोव्यात, मांडवी नदीतल्या कसिनोच्या बोटीवर. एका मंगळवारी दुपारी धाराशिवला टपरीवर बसलेलो, दोस्त म्हणाला, ‘चल की बे गोव्याला.’ चारला निघालो. तुळजापुरात आईला गाडीतूनच हात जोडले, कशाला चाललोय ते काही सांगितलं नाही. सोलापूर, विजापूर, बेळगाव, मग चोर्ला घाटात असलं धुकं की दोस्त खिडकीतून मुंडकं काढून पांढरी पट्टी बघत होता. पणजीला पोचायला रात्रीचे दोन.

फाशे माझ्या हातात आले, पॉइंट पडला चार. मागून कुणीतरी हिंदीत हळहळलं. तिसऱ्या फेकीला सात! टेबलावरच्या माणसानं दांडीनं फाशे ओढून शेजारच्याकडं सरकवले.

पास लाइनवर घराचा, म्हणजे कसिनोचा, फायदा १.४१ टक्केच असतो, म्हणून लोक या खेळाला बरा म्हणतात. डिझेलचा खर्च त्यात धरलेला नाही. गुरुवारी सकाळी दहाला ऑफिसात होतो, डोळे लालभडक. साहेबाला सांगितलं, डोळे आलेत.