मंदीच्या काळात जवळची पुंजी गृहकर्जात भरावी की हाताशी ठेवावी?

उंबरठा

नमस्कार. आम्ही दोघेही नोकरी करतो. माझ्या कंपनीत आधी नवीन भरती थांबली, मग प्रवासखर्चाला कात्री लागली आणि आता दोन विभाग एकत्र करण्याची चर्चा चालू आहे. नोकरकपात होणार असे कोणी म्हणालेले नाही, पण होणार नाही असेही कोणी छातीठोकपणे सांगत नाही. नवऱ्याची नोकरी त्या मानाने सुरक्षित आहे. मात्र त्याच्या एकट्याच्या पगारात घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता हे दोन्ही बसत नाहीत.

आमच्याकडे साधारण आठ महिन्यांच्या एकूण खर्चाइतकी रक्कम साठलेली आहे. गृहकर्जाची अकरा वर्षे उरली आहेत. शिवाय क्रेडिट कार्डावर सुमारे एका महिन्याच्या खर्चाइतकी थकबाकी आहे आणि तिची किमान देय रक्कम आम्ही दरमहा न चुकता भरतो. नवऱ्याचे म्हणणे असे, की बचतीतला मोठा भाग आत्ताच गृहकर्जात भरून डोक्यावरचा भार हलका करावा. मला ते पटते आणि पटतही नाही.

आणखी दोन लहान प्रश्न. कपडे धुण्याचे यंत्र दहा वर्षांचे झाले असून ते कुरकुरू लागले आहे. सध्या सवलती आणि बिनव्याजी हप्ते मिळत असताना नवे घेऊन टाकावे का? आणि सगळ्यांनीच हात आखडता घेतला तर मंदी आणखी वाढते असे मी वाचले आहे. मग आपण खर्च कमी करणे हे चुकीचे ठरते का?

जमाखर्च

आपण ज्याचा उल्लेख ओझरता केला आहे तिथूनच सुरुवात करतो, कारण सर्वांत महाग गोष्ट तीच आहे. कार्डाच्या थकबाकीवर दरमहा ३ टक्के व्याज लागते आणि किमान देय रक्कम थकबाकीच्या ५ टक्के आहे असे धरा. १०० च्या थकबाकीवर, नवी खरेदी अजिबात न करता, वर्षभर किमान रक्कम भरत राहिलात तर आपल्या खिशातून जवळपास ५५ जातात आणि वर्षअखेरीस ७७ देणे शिल्लकच असते. म्हणजे दिलेल्या ५५ पैकी ३२ व्याजात गेले. याच गतीने थकबाकी निम्मी व्हायला ३२ महिने लागतात. ‘न चुकता’ भरण्याचे समाधान मिळते हे खरे, पण ती शिस्त कार्ड देणाऱ्याच्या अधिक फायद्याची आहे. बचतीतून ही थकबाकी आजच शून्य करावी. कोणतीही ठेव इतका परतावा देत नाही.

गृहकर्जाचे गणित वेगळे आहे. मुदतीआधी भरलेली रक्कम बहुधा कर्जाची मुदत कमी करते, पुढच्या महिन्याचा हप्ता नव्हे. सहा महिन्यांची पुंजी भरूनही येत्या महिन्यात तेवढाच हप्ता द्यावा लागतो. आणि एकदा भरलेला पैसा गरज पडली म्हणून सहसा परत मागता येत नाही. नवे कर्ज मागायला गेलात तर देणारा आधी उत्पन्न पाहतो, म्हणजे नोकरी गेलेल्या माणसाला तो नेमका त्याच वेळी नकार देतो. शिवाय मंदीत कर्ज देणाऱ्या संस्था स्वतःच धास्तावलेल्या असतात आणि एरवी सहज मंजूर झाले असते असे अर्जही फेटाळतात. घर जप्तीपर्यंत येते ते मुद्दल मोठे असल्यामुळे नव्हे, तर लागोपाठचे काही हप्ते थकल्यामुळे.

आपण ‘आठ महिने पुरेल’ असे म्हणता तो हिशेबही बदलून पाहावा. आपल्या घरात एक पगार चालू राहण्याची शक्यता आहे. त्यामुळे बचतीला एकूण खर्चाने नव्हे, तर एक पगार बंद झाल्यावर पडणाऱ्या तुटीने भागायला हवे. नवऱ्याचा पगार खर्चाचा ६० टक्के भाग भागवत असेल तर तूट ४० टक्क्यांची, आणि आठ महिन्यांची पुंजी वीस महिने पुरते. हा आकडा काढल्याशिवाय पुढचा कोणताही निर्णय घेऊ नये असे मला वाटते.

किती महिन्यांची तयारी असावी याला ठरीव उत्तर नाही. अमेरिकेतील मंदीच्या तारखा ठरवणाऱ्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेच्या नोंदींप्रमाणे १९२९ मध्ये सुरू झालेली घसरण ४३ महिने चालली, डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली १८ महिने, आणि २०२० मधली अवघे दोन महिने. पण अर्थव्यवस्था सावरू लागली म्हणजे नोकऱ्या लगेच परत येतात असे नाही. २००९ च्या जूनमध्ये मंदी संपल्याची नोंद आहे, तर बेरोजगारीने १० टक्क्यांचा उच्चांक त्यानंतर चार महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये गाठला. आणखी एक गंमत म्हणजे, डिसेंबर २००७ मध्ये मंदी सुरू झाल्याचे त्या संस्थेने जाहीर केले ते १ डिसेंबर २००८ रोजी. अधिकृत घोषणेची वाट पाहत बसणाऱ्याला ती वर्षभर उशिरा मिळते. आपल्या कंपनीतली थांबलेली भरती हीच आपल्यासाठी घोषणा समजावी.

ऋणमुक्त

जमाखर्च यांचे कार्डाबद्दलचे मत शंभर टक्के मान्य. गृहकर्जाबाबत मात्र मला त्यांचा सल्ला एकांगी वाटतो.

ठेवीवर मिळणारे व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा जवळजवळ नेहमीच कमी असते. म्हणजे रोकड हाताशी ठेवणे हा दरवर्षीचा निश्चित तोटा आहे, आणि तो एका अनिश्चित भीतीपोटी सोसायचा. दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. खोल मंदीत किमती आणि पगार दोन्ही खाली येऊ शकतात, कर्जाचा आकडा मात्र तिथेच राहतो. १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या किमती सुमारे एक चतुर्थांशाने घसरल्या; ज्याच्यावर कर्ज होते त्याच्या दृष्टीने तेच कर्ज सुमारे एक तृतीयांशाने जड झाले. अर्विंग फिशर या अर्थतज्ज्ञाने १९३३ मध्ये हेच मांडले, की सगळे एकाच वेळी कर्ज फेडू लागतात, त्यासाठी मिळेल त्या भावाने वस्तू विकतात, भाव आणखी पडतात आणि फेडूनही कर्जाचे खरे ओझे वाढतच जाते. अशा वेळी ज्याने लवकर फेडले तो सुटला.

आणि आकड्यांच्या पलीकडचे एक कारण. मागच्या मंदीत मी बचत मोडून कर्ज संपवले, आणि त्यानंतर साहेबांच्या प्रत्येक निरोपाला दचकणे बंद झाले. ही निश्चिंती कोणत्या कोष्टकात बसवायची?

जमाखर्च

ऋणमुक्त, आपण कर्ज ‘संपवले’ हा शब्द महत्त्वाचा आहे. संपूर्ण कर्ज फिटत असेल तर हप्ताच बंद होतो, मासिक खर्च घटतो, आणि मग मीही आपल्याच बाजूने बोललो असतो. उंबरठा यांची अकरा वर्षे उरली आहेत. त्यांनी सगळी पुंजी ओतली तरी हप्ता चालूच राहील.

तोट्याचा मुद्दा खरा आहे, म्हणून तो मोजून पाहू. कर्ज आणि ठेव यांच्या व्याजदरांत ३ टक्क्यांचे अंतर आहे आणि सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम वर्षभर ठेवीत पडून राहिली असे धरल्यास नुकसान होते ते साधारण साडेपाच दिवसांच्या घरखर्चाइतके. घर हातातून जाण्याच्या धोक्यासाठी एवढा विमाहप्ता मला जास्त वाटत नाही. कोणाला वाटूही शकेल.

फिशर यांचे विश्लेषण मला मोलाचे वाटते, पण त्यांची स्वतःची गोष्ट दुसरीकडे बोट दाखवते. शेअरच्या किमती कायमच्या उंच पातळीवर पोहोचल्या आहेत असे ते १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये, कोसळण्याच्या तोंडावर म्हणाले होते, आणि उसन्या पैशाने घेतलेल्या शेअरांपायी त्यांची संपत्ती बुडाली. वाट पाहण्याइतकी रोकड जवळ नसली की बरोबर असलेला अंदाजही उपयोगी पडत नाही. त्यांचा तर अंदाजच चुकला होता.

हा पैसा ठेवायचा कुठे, हेही सांगायला हवे. शेअर बाजारात नक्कीच नको. अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर होता, जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला आणि जुनी पातळी त्याने १९५४ मध्ये ओलांडली. लाभांश धरले तर चित्र इतके काळे राहत नाही, पण पुढच्या महिन्याचा हप्ता भरायचा आहे त्याला या खुलाशाचा काय उपयोग? बँकेतच ठेवावा, आणि आपल्या देशातील ठेवविम्याची मर्यादा पाहून, गरज असल्यास दोन बँकांत विभागावा. अमेरिकेत १९३० ते १९३३ या चार वर्षांत सुमारे ९,००० बँका बुडाल्या आणि त्या अनुभवातूनच तिथे १९३४ पासून ठेवींना विमा लागू झाला. मर्यादेच्या आत राहणे हे फुकटचे संरक्षण आहे.

चोखंदळ गिऱ्हाईक

मी यंत्राच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण वरच्या चर्चेत ते कोपऱ्यात पडून राहिले आहे.

बिनव्याजी हप्ता म्हणजे फुकट उधार नव्हे. व्याज कुठेतरी भरलेलेच असते: प्रक्रिया शुल्कात, किंवा रोख घेणाऱ्याला मिळणारी आणि हप्तेवाल्याला न मिळणारी सवलत म्हणून. दुकानात ‘आत्ता रोख दिले तर किती?’ एवढेच विचारावे. दोन आकड्यांतला फरक हेच त्याचे व्याज. पण खरी अडचण याहून मोठी आहे. ज्या घरात एक पगार जाण्याची शक्यता आहे तिथे प्रत्येक नवा हप्ता जमाखर्च यांनी सांगितलेली ती तूट वाढवतो. आधी दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे. दहा वर्षांच्या यंत्राचा पट्टा किंवा पंप बदलून ते आणखी दोन-तीन वर्षे चालणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि मोटर गेली असेल तर निदान कारण कळून नवे घेता येईल.

आगाऊ पैसे देण्याबाबत मंदीत विशेष सावध राहावे. वर्षभराची वर्गणी, भेटकार्डे, वाढीव हमी, माल मिळण्यापूर्वी भरलेली पूर्ण रक्कम, या सगळ्यांत ग्राहक नकळत दुकानदाराचा विनातारण सावकार होतो. दुकान दिवाळखोरीत गेले तर तारण असलेल्या धनकोंचे आधी भागते आणि आपण रांगेत फार मागे उभे असतो. अमेरिकेतील सर्किट सिटी ही विद्युत उपकरणांची मोठी दुकानसाखळी नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली आणि मार्च २००९ मध्ये तिची उरलेली दुकानेही बंद झाली. दुकान मोठे आहे म्हणून ते टिकेलच असे नाही. सवलत जितकी घसघशीत, तितकी ती का दिली जात आहे याची चौकशी अधिक करावी.

रोजच्या खरेदीत एकच सवय पुरते: पाकिटाची किंमत न पाहता वजनामागची किंमत पाहावी. उत्पादक किंमत वाढवायला कचरतात तेव्हा तेच वेष्टन ठेवून आतला माल कमी करतात.

आता तुमचा तिसरा प्रश्न. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांनी जानेवारी १९३१ मध्ये ब्रिटनच्या रेडिओवरून गृहिणींना चक्क खरेदीला बाहेर पडण्याचे आवाहन केले होते, कारण एकाचा खर्च ते दुसऱ्याचे उत्पन्न असते आणि सर्वांनी एकाच वेळी बचत केली तर सर्वांचेच उत्पन्न घटते. तर्क बिनतोड आहे. परंतु त्याच केन्स यांनी पुढे ही जबाबदारी मुख्यतः सरकारवर टाकली, कारण सगळे हात आखडतात तेव्हा हात सैल सोडण्याची ऐपत त्याच्याकडेच उरते. ज्यांची नोकरी पक्की आहे आणि खिसा भरलेला आहे त्यांनी ठरलेली खरेदी केवळ वातावरण पाहून पुढे ढकलू नये, इतके म्हणता येईल. ज्यांच्या डोक्यावर कपातीची टांगती तलवार आहे त्यांनी अर्थव्यवस्था सावरण्याचा भार घेऊ नये. तुमच्याकडून एवढे पुरे, की ज्यांच्याकडून काम करून घेता त्यांचे पैसे वेळेवर द्या. खर्च कमी करणे आणि दुसऱ्याचे देणे लांबवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मंदीत छोट्या माणसाचा गळा दुसरीनेच आवळला जातो.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी बसून तुटीचा हिशेब मांडला. नवऱ्याचा पगार खर्चाचा निम्माच भाग भागवतो, हे लिहून काढेपर्यंत आम्हा दोघांनाही नीट ठाऊक नव्हते. कार्डाची थकबाकी फेडल्यावर सात महिन्यांची पुंजी उरते, म्हणजे ती चौदा महिने पुरेल. थकबाकी आज भरून टाकली. ऋणमुक्त यांचे म्हणणे नवऱ्याला अजूनही अधिक जवळचे वाटते. म्हणून असे ठरले, की गृहकर्जात आत्ता काही भरायचे नाही, आणि सहा महिन्यांनी माझी नोकरी शाबूत असेल तर दरम्यानच्या काळात नव्याने साठलेली रक्कम तेवढी भरायची. यंत्रासाठी दुरुस्ती करणाऱ्याला बोलावले आहे.

समजा नोकरी गेलीच, तर कर्ज देणाऱ्या बँकेला लगेच कळवावे की हप्ते भरता येत आहेत तोवर गप्प राहावे?

जमाखर्च

पहिला हप्ता चुकण्याच्या बऱ्याच आधी कळवावे. मुदत वाढवून हप्ता कमी करणे किंवा काही काळ फक्त व्याज भरणे यांसारख्या सवलती नियमित खातेदाराला मिळण्याची शक्यता थकबाकीदारापेक्षा कितीतरी जास्त असते. मात्र जे ठरेल ते लेखी घ्यावे आणि वाढलेल्या मुदतीत एकूण व्याज किती वाढते तेही विचारून घ्यावे.

एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही, माझ्याही नाही. आपल्या घराचा आरोग्य विमा आपल्या कंपनीमार्फत असेल तर नोकरीबरोबर तोही जातो. तसे असल्यास स्वतंत्र विमा याच महिन्यात घ्यावा, कारण अशा विम्यांत आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो आणि तो नोकरी चालू असतानाच मोजायला लागलेला बरा. त्याचा हप्ता तुटीत मिळवायला विसरू नका. चौदाचे कदाचित तेरा होतील.